तो एकटाच गायला आला होता

ताईच्या सांगलीच्या घरी मुक्ताच्या कपाटाला दोन दारं होती. त्यातल्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला पाच मुलगे राहायचे. पोस्टर बाहेरून लावायची परवानगी नव्हती, बाहेर बँकेचं कॅलेंडर होतं. दार उघडलं की इस्त्रीचे युनिफॉर्म, डांबरगोळ्यांचा वास आणि वन डायरेक्शन या पॉप बँडची पाच हसरी तोंडं. त्यांची नावं मी कितीदा ऐकली आणि तितक्यांदा विसरले. मुक्ता तोंडी परीक्षा घेतल्यासारखी बोट ठेवून विचारायची, "मावशी, हा कोण?" मी म्हणायचे, "याच्या शेजारचा."

25 मार्च 2015 च्या रात्री बातमी आली की त्या पाचांतला एक बँड सोडून जातोय. झेन मलिक. मुक्ताची नववीची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन, "पोरगी जेवत नाहीये, तूच बोल तिच्याशी." मी जे बोलले ते आठवलं की आजही ओशाळं वाटतं. "अगं, माणसं नोकऱ्या सोडतात, त्यात काय एवढं? चौघं उरलेत ना?" पलीकडे बराच वेळ शांतता. मुक्ता तेव्हा गाण्याच्या क्लासला जायची. ती म्हणाली, "मावशी, पेटीतला पंचम काढून घेतला आणि म्हटलं बाकीचे सूर आहेत ना, तर चालेल तुला?"

पोस्टर तिनं काढलं नाही. त्या एकाला घडी घालून मागे दडवावं म्हटलं तर तेही जमेना, कारण झेन बरोबर मधोमध उभा होता.

पंचमाचं ते वाक्य डोक्यात राहिलं म्हणून मी त्या आठवड्यात या मुलांचे जुने व्हिडिओ बघायला बसले. आधी थोडं कर्तव्य म्हणून, मग चवीनं. आणि एक गोष्ट कळली, जी मुक्ताला पाठ होती आणि मला ठाऊकच नव्हती. हे पाच जण मुळात बँड करायला आलेच नव्हते. पाचही जण एकेकटे गायला आले होते.

2010 मध्ये ब्रिटनच्या 'द एक्स फॅक्टर' या स्पर्धेची मँचेस्टरला ऑडिशन होती. झेन सतरा वर्षांचा. ब्रॅडफर्डचा. वडील पाकिस्तानी वंशाचे, आई इंग्लिश, तीन बहिणी. ऑडिशनच्या दिवशी पहाटे चार वाजता हा अंथरुणातून उठायला तयार नव्हता. भीती वाटत होती. आईनं उठवून पाठवलं. (जगभरच्या आयांचं हे खातं बघता पहाटे चारला मुलांना उठवण्यासाठी त्यांना एखादं पद्म द्यायला हरकत नाही.) तिथं तो मारिओ या अमेरिकन गायकाचं एक गाणं साथीविना गायला, उभ्या जागी, जेमतेम नजर वर करून. ते गाणं आर अँड बी वळणाचं होतं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांनी घडवलेल्या, एका अक्षराला चार-पाच सुरांवरून लडिवाळपणे फिरवून आणणाऱ्या गायकीतलं. वडिलांच्या संग्रहातल्या अशाच रेकॉर्डी ऐकत तो वाढला होता. परीक्षकांनी त्याला पुढं जाऊ दिलं.

पुढच्या फेरीत सगळ्यांना नाचायला सांगितलं तर हा पडद्यामागं जाऊन बसला. मला नाचता येत नाही, मी येणार नाही. मुख्य परीक्षक सायमन कॉवेल स्वतः आत जाऊन त्याला घेऊन आला. हा तुकडा मी पुन्हा पुन्हा बघितला आहे. त्यातला मुलगा लाजतोय असं मला वाटत नाही. आपलं जे येतं ते सोडून दुसरं काही करताना लोकांनी आपल्याकडे बघू नये, एवढंच त्याला हवंय. पुढची चौदा वर्षं त्या एका तुकड्यात घडी करून ठेवल्यासारखी आहेत.

आणि मग सगळे बाद झाले. झेन, हॅरी स्टाइल्स, नायल होरन, लुई टॉमलिन्सन, लिअम पेन. एकट्यानं गाणाऱ्या मुलांच्या गटातून पाचही जणांना घरी जायला सांगितलं गेलं. यातल्या लिअमची तर ही दुसरी खेप. 2008 मध्ये चौदाव्या वर्षी येऊन तो बराच पुढं गेला होता, आणि कॉवेलनं त्याला दोन वर्षांनी ये असं सांगून परत पाठवलं होतं. तो मोजून दोन वर्षांनी आला, आणि पुन्हा नापास. मग त्याच दिवशी, 23 जुलै 2010 ला, लंडनमधल्या वेम्ब्लीच्या रंगमंचावर या पाचांना परत बोलावलं आणि सांगितलं की तुम्ही आता एक बँड आहात. एकमेकांना धड ओळखतही नव्हते.

नापास झालेले पाच विद्यार्थी एकत्र करून एकच उत्तरपत्रिका लिहायला लावावी, तसा हा प्रकार. स्पर्धेत ते तिसरे आले. पहिल्या-दुसऱ्या आलेल्यांची नावं सांगायला आज गूगल करावं लागतं.

त्यानंतरचं मी भरभर सांगते, कारण तो हिशेबाचा भाग आहे. 2011 पासून दर नोव्हेंबरच्या आसपास एक अल्बम, ऊस गाळपाच्या हंगामासारखा, न चुकता. पाच वर्षांत पाच. पहिला अल्बम अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला, असं याआधी कुठल्याही ब्रिटिश गटाच्या पहिल्या अल्बमला जमलं नव्हतं. पुढचे तीनही तसेच. 2014 चा दौरा 69 कार्यक्रमांचा, सगळे स्टेडियममध्ये, तिकिटं गेली 34 लाख. म्हणजे सरासरी काढली तर रोज संध्याकाळी पन्नास हजारांच्या आसपास माणसं. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर पाकिस्तानातून, विशेषतः मीरपूरकडून, माणसं तिथं आली ती या गिरण्यांत रात्रपाळी करायला. तिथल्या एका पोराला अखेर नोकरी लागली तीही पाळ्यांचीच, फक्त यंत्र वेगळं होतं.

पण मला रमायचंय ते गाण्यात. अशा बँडचं गाणं ऐकताना एकच गाणं चालू आहे असं वाटतं, प्रत्यक्षात ती ओळींची वाटणी असते. पहिलं कडवं याचं, त्यातल्या दोन ओळी त्याच्या, ध्रुवपदाला सगळे. लिअम पुष्कळदा सुरुवात करून द्यायचा, घट्ट, सरळ, भरवशाचा आवाज. आणि गाणं संपत आलं, आता पुन्हा तेच ध्रुवपद येणार असं वाटलं, की वरून कुठून तरी झेनचा सूर यायचा. 'यू अँड आय' नावाच्या गाण्यात त्यानं जो वरचा सूर लावून ठेवलाय, त्यासाठी मुक्ताच्या क्लासमधल्या मुली श्वास मोजायच्या.

माझे वडील वाईजवळच्या आमच्या गावी भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्या मंडळात एक काका होते, टाळकरी. बुवांनी अभंगाचं चरण सोडलं की बाकीचे झील धरायचे, आणि त्या पंधरा-वीस गळ्यांतून काकांचा आवाज धुरासारखा वर निघायचा. देवळाबाहेर चपला सांभाळत बसलेल्या आम्हा पोरांनाही कळायचं की आज काका आलेत. तमाशातला सुरत्या किंवा पोवाड्यातला झीलकरी ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय म्हणते ते समजेल. नाव शाहिराचं असतं, पण अंगावर काटा येतो तो मागच्या 'जी जी'नं. झेन हा त्या बँडचा झीलकरी होता. फरक इतकाच की आमच्या काकांना मनासारखी झील धरता यायची. झेननं बँड सोडल्यावर 'द फेडर' या मासिकाला सांगितलं की एखादी ओळ आपण जरा आपल्या वळणानं, आर अँड बीच्या अंगानं गायली, की ती पन्नास पन्नास वेळा पुन्हा रेकॉर्ड करून घ्यायचे, सरळसोट होईपर्यंत.

पन्नास वेळा. हरकत, म्हणजे सुरांची छोटीशी नक्षी, घेतली म्हणून. आपल्याकडे एखाद्या गायकाला मुरकी घेतल्याबद्दल पन्नास वेळा तेच गायला लावलं तर गुरुजींनाच लोक विचारतील, तब्येत बरी आहे ना?

18 मार्च 2015 ला हाँगकाँगला तो बँडबरोबर शेवटचा गायला. दुसऱ्या दिवशी ताणाचं कारण देऊन दौरा सोडून घरी गेला आणि आठवड्यानं ती बातमी आली. त्यात त्यानं म्हटलं होतं की मला चारचौघांसारखं बावीस वर्षांचा मुलगा होऊन राहायचंय, थोडं निवांत, लोकांच्या नजरेपासून लांब. मुक्ताला हे अजिबात पटलं नव्हतं, आणि पुढच्या जानेवारीत तर ती संतापलीच. कारण निवांत राहायला गेलेल्या माणसाचं एकट्याचं पहिलं गाणं, 'पिलोटॉक', ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे थेट पहिल्या क्रमांकावर आलं. 25 मार्च 2016 ला, बँड सोडल्याला बरोब्बर एक वर्ष झालं त्या तारखेला, अल्बम आला. 'माइंड ऑफ माइन'. तोही दोन्हीकडे पहिला. तारीख मुद्दाम धरलेली असणार. मला ती जरा झोंबली. सोडून आलेल्या घराच्या दारात जाऊन नवी गाडी उभी करावी तशी.

पण अल्बम ऐकला आणि राग बाजूला ठेवावा लागला. फ्रँक ओशन या अमेरिकन आर अँड बी गायकाबरोबर काम केलेला मलय नावाचा निर्माता सोबत होता, आणि पन्नास वेळा पुसलेल्या सगळ्या हरकती या अल्बमात परत आल्या होत्या. त्यात मध्यंतर म्हणून दीड-दोन मिनिटांचा एक तुकडा आहे, 'फ्लॉवर' नावाचा. तो उर्दूत आहे. गिटारवर, फार काही न सजवता. मी तो पहिल्यांदा एका दुपारी भाजी निवडताना ऐकला, आणि हातातली मेथी तशीच राहिली. शब्द पॉपचे नाहीत, ठेवणही नाही, कव्वालीकडे झुकलेला आर्त सूर. इतकी वर्षं जे गोरं, गुळगुळीत, सगळ्यांना चालणारं गाणं त्याच्या गळ्यातून आलं होतं, त्याच्या खाली हे होतं तर. अमेरिकेतल्या पोरींनी हा तुकडा ऐकून एकमेकींना अर्थ विचारले. मुक्तानं मला विचारला. इतक्या वर्षांत प्रथमच तिला काही सांगता येईल असं माझ्याकडे होतं, गझला ऐकत घालवलेली सगळी वर्षं त्या दिवशी कामी आली.

इथून पुढं सरळ चढतीची गोष्ट असायला हवी होती. तशी ती हॅरी स्टाइल्सची झाली. बँड 2016 च्या सुरुवातीला थांबला, हॅरी एकटा मंचावर गेला, पुढं स्टेडियमं भरली, 2023 मध्ये ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम त्याचा ठरला. लिअमचं पहिलं एकट्याचं गाणंही 2017 मध्ये अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. झेनचं काय झालं? जून 2016 मध्ये वेम्ब्लीला एका मोठ्या कार्यक्रमात तो गाणार होता. ऐन वेळी त्यानं जाहीर केलं की इतक्या मोठ्या कार्यक्रमात गायच्या भीतीनं आपल्याला ग्रासलंय, जमणार नाही. त्याच वर्षी दुबईचा कार्यक्रमही असाच रद्द केला. नोव्हेंबरात आलेल्या आपल्या पुस्तकात त्यानं या भीतीबद्दल मोकळेपणानं लिहिलं. तेवीस वर्षांच्या पॉप गायकानं हे लपवलं नाही, याचं मला तेव्हाही कौतुक वाटलं. मुक्ताला वाटलं नाही. "पन्नास हजारांसमोर गायचा की हा," ती म्हणायची, "आता काय झालं?"

मला आमचे काका आठवायचे. बुवा एकदा आजारी पडले तेव्हा मंडळी काकांच्या मागं लागली, आज तुम्हीच अभंग म्हणा. काका टाळ ठेवून निघूनच गेले. आवाज तोच, देऊळ तेच, ऐकणारेही तेच वीस-पंचवीस. पण झील धरताना दोन्ही खांद्यांना खांदे लागलेले असतात. काका एकट्यानं गायले ते मी फक्त लोडशेडिंगमध्ये ऐकलं. दिवे गेले, पेट्रोमॅक्स सापडेना, आणि अंधारात त्यांनी आपणहून तुकोबांचा एक अभंग धरला. अख्खं देऊळ गप्प. तिसऱ्या चरणाला दिवे आले आणि काका तिथंच थांबले, जणू कुणी रंगेहाथ पकडलं.

झेनची पुढची आठ वर्षं ही अशीच, दिवे गेलेल्या देवळातली. गाणी येत राहिली, गाणारा दिसेना. सिया या ऑस्ट्रेलियन गायिकेबरोबरचं 'डस्क टिल डॉन' यूट्यूबवर शंभर कोटींहून जास्त वेळा बघितलं गेलं. त्यातला त्याचा वरचा सूर ऐकून मी मुक्ताला फोन केला होता, तर ती म्हणाली, "ऐकलं, पण मी त्याच्याशी बोलत नाही." 2018 च्या डिसेंबरात सत्तावीस गाण्यांचा 'इकारस फॉल्स' आला. सत्तावीस! मी तो सलग ऐकायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा मधेच कुकरची शिट्टी झाली. त्यात दहा गाणी फार सुंदर आहेत, पण ती शोधून द्यायला कोणी तरी हवं होतं. दोन वर्षांपूर्वी पहिल्या क्रमांकावर थेट उतरलेला गायक या वेळी पहिल्या पन्नासातही आला नाही. मुलाखती जवळजवळ नाहीत, दौरा नाही, स्टेडियम तर नाहीच. नंतरच्या अल्बमचं नावच 'नोबडी इज लिसनिंग'. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावर तो राहायला गेला, मुलगी झाली. 2024 च्या सुरुवातीला कराचीच्या 'और' या बँडच्या 'तू है कहाँ'मध्ये पुन्हा उर्दूत गायला, आणि मला पुन्हा त्या मेथीच्या दुपारची आठवण झाली.

मग 17 मे 2024 ला 'रूम अंडर द स्टेअर्स' आला. जिन्याखालची खोली. गिटार, जरासा कंट्री ढंग, दाढी वाढलेल्या माणसाचा आवाज. आणि त्याच दिवशी लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये त्याचा एकट्याचा पहिला पुरा कार्यक्रम झाला. पहाटे चारला आईनं उठवून ज्या कामाला पाठवलं होतं, ते चौदा वर्षांनी झालं म्हणायचं. पाठोपाठ दौराही जाहीर झाला. स्टेडियमं नव्हेत, काही हजारांची सभागृहं.

16 ऑक्टोबर 2024 ला लिअम पेन गेला. ब्यूनोस आयर्सच्या एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून पडून. एकतीस वर्षांचा. मुक्ता एव्हाना मँचेस्टरला एमएस्सी करत होती. आपल्याकडची पहाट होती, तिचा फोन आला आणि ती काही बोललीच नाही. मला दारामागचे ते पाच जण दिसले. या वेळी मी चौघं उरलेत वगैरे काही म्हटलं नाही. फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी राहिले, गॅसवर दूध होतं तेवढं बंद केलं.

लिअमबद्दल त्यानंतर फार लिहिलं गेलं, त्यातलं पुष्कळ न लिहिलं असतं तर बरं. मला त्याचं चौदा वर्षांचं रूप सोडत नाही, दोन वर्षांनी ये म्हटल्यावर खरोखर दोन वर्षांनी येणारं. इतक्या आज्ञाधारक मुलांची मला काळजी वाटते. नाचणार नाही म्हणून पडद्यामागं जाऊन बसता येणं ही पण एक ताकद असते, ती झेनकडे होती.

झेननं अमेरिकेतले कार्यक्रम पुढं ढकलले. 20 नोव्हेंबरला लिअमच्या अंत्यविधीला चौघंही होते. आणि 23 तारखेला लीड्सला, ब्रॅडफर्डपासून हाकेच्या अंतरावर, दौरा सुरू झाला. मुक्तानं तिकीट काढलेलं होतं. नऊ वर्षं "त्याच्याशी बोलत नाही" म्हणणारी ही पोर त्या दिवशी बर्ट नावाच्या वादळात, बर्फ आणि पाऊस अंगावर घेत मँचेस्टरहून लीड्सला गेली. मैत्रिणी नको म्हणत होत्या. मी पण म्हटलं होतं, पण मावशीचं कोण ऐकतं.

रात्री उशिरा तिचे व्हॉइस मेसेज येत गेले. पहिल्यात नुसता रांगेतला गलका आणि दात वाजतायत. दुसऱ्यात, "मावशी, तो फार हलत नाही गं, उभाच आहे, डोळे मिटून." तिसऱ्यात ती कुजबुजत होती की शेवटी मागच्या पडद्यावर लिअमचं नाव आलं, जन्मसाल आणि मृत्यूसाल, खाली प्रेमाची एक ओळ, भाऊ म्हणून. सगळ्या जणी रडतायत, शेजारच्या अनोळखी बाईनं तिला धरलंय.

चौथा मेसेज गाण्याचा होता. तो मी कानाशी धरून दोन-तीनदा ऐकला. दोन हजार पोरी एका सुरात, प्रत्येक शब्द पाठ, आणि सगळ्यात जवळचा आवाज मुक्ताचा, जरा चढाच लागलेला. शेवटी ती धापा टाकत म्हणते, "मावशी, सॉरी, आम्हीच गायलो सगळं. त्याचा आवाज यात आलाच नाही बहुतेक."